पंधरा दिवसांची आघाडी

संत्र्या-मोसंबीच्या झाडात राहणारा एक जीवाणू आहे. जाडी पाव ते अर्धा मायक्रॉन, लांबी एक-दोन मायक्रॉन. आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एका मिलिमीटरच्या रेघेवर हे जीवाणू टोकाला टोक लावून ठेवले, तर सहाशे-सातशे सहज मावतील. आकारमानावरून हिशेब मांडला तर त्यांचा एक ग्रॅम भरायला सुमारे पाच लाख कोटी जीवाणू लागतील. पाचावर बारा शून्यं.

त्याचं शास्त्रीय नाव कॅन्डिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस. त्याच्यामुळे होणाऱ्या रोगाला चीनमध्ये ह्वांगलाँगबिंग म्हणतात, आपल्याकडे ग्रीनिंग. फ्रेंच शास्त्रज्ञ जोसेफ बोव्हे यांनी 2006मध्ये या रोगाचा जागतिक आढावा घेतला, तेव्हा सुमारे चाळीस देशांत मिळून दहा कोटींच्या घरात झाडं त्याच्या तावडीत सापडलेली होती. त्यानंतरच्या वीस वर्षांत जे घडलं, त्यापुढे तो आकडाही लहान वाटू लागला आहे.

या रोगाच्या गोष्टीत कोटींचे आकडे पुष्कळ येतात आणि ते ऐकून छाती दडपते. पण ते आकडे म्हणजे शेवटी आलेलं बिल असतं. निकाल त्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो, आणि तो लावतात छोटे आकडे. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करू.

12 लाख 30 हजार अक्षरं

2009मध्ये या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. त्यासाठी लागलेला डीएनए शास्त्रज्ञांनी एकाच कीटकाच्या शरीरातून मिळवला होता. जनुकसंचाची लांबी निघाली सुमारे 12 लाख 30 हजार अक्षरं. पुस्तकाच्या एका पानावर दोन हजार अक्षरं धरली तर जेमतेम सहाशे पंधरा पानांचा एक ग्रंथ. त्याच मापाने माणसाचा जनुकसंच पंधरा लाख पानांच्या वर जातो. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जीवाणूची पानं तेवीसशेच्या आसपास भरतात. आणि ज्या झाडाला हा जीवाणू संपवतो, त्या मोसंबीवर्गीय गोड संत्र्याचा जनुकसंच सुमारे 37 कोटी अक्षरांचा, म्हणजे मारणाऱ्याच्या तीनशे पट मोठा आहे.

जनुकसंच इतका लहान का, याचं उत्तर त्याच्या राहणीत आहे. हा जीव झाडाच्या रसवाहिनीत किंवा कीटकाच्या शरीरात, म्हणजे कायम भरल्या घरात राहतो. जे आयतं मिळतं ते स्वतः बनवण्याची यंत्रणा पिढ्यानपिढ्या गळून गेली. पेशीत ऊर्जेचं चलन म्हणून वापरला जाणारा एटीपी हा रेणूसुद्धा तो यजमानाकडून थेट उचलू शकतो. त्यासाठी लागणारं प्रथिन त्याच्याकडे आहे.

या परावलंबनाची शिक्षा मात्र संशोधकांना भोगावी लागते. रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून नियम असा, की रोगजंतू वेगळा काढायचा, शुद्ध स्वरूपात वाढवायचा, निरोगी यजमानात सोडायचा आणि रोग झालेला दाखवायचा. हा जीवाणू घराबाहेर एकटा जगतच नाही. शुद्ध स्वरूपात टिकवून वाढवता येत नसल्याने त्याच्या नावाआधी आजही कॅन्डिडेटस लावावं लागतं. दहा कोटी झाडांवर ज्याचं नाव घेतलं जातं, तो काचेच्या बशीत पकडून ठेवता आलेला नाही. कोणतं औषध त्याला मारतं, कोणतं जनुक बंद पाडलं की तो लंगडा होतो, हे एरवी आठवड्यात सुटणारे प्रश्न इथे झाडांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून सोडवावे लागतात.

दिवसाला 3 सेंटिमीटर

झाडात दोन प्रकारच्या नळ्या असतात. जलवाहिनी मुळांतून पाणी वर नेते. रसवाहिनी पानांत तयार झालेली साखर फळांकडे, शेंड्यांकडे आणि मुळांकडे पोहोचवते. रसवाहिनीतल्या पेशी एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि प्रत्येक सांध्यावर बारीक छिद्रांचा पडदा असतो. ही छिद्रं जवळपास जीवाणूच्याच मापाची. सूक्ष्मदर्शकाखाली शास्त्रज्ञांनी हे जीवाणू अंग लांबवून छिद्रातून पलीकडे जाताना पाहिले आहेत.

ब्राझीलमधल्या मोजणीनुसार तो झाडात दिवसाला सरासरी तीन ते पावणेचार सेंटिमीटर पुढे सरकतो. तीन मीटर उंचीच्या झाडाच्या शेंड्यापासून बुडापर्यंत यायला शंभर दिवसही पुरतात. साखरेचा ओघ ज्या दिशेला, त्या दिशेला तो आधी जातो. मुळं साखरेची मोठी गिऱ्हाइकं, त्यामुळे संसर्ग मुळांत लवकर पोहोचतो. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या संशोधकांनी आजारी झाडांखालची माती उकरून पाहिली, तेव्हा पानांवर रोगाची खूणही नसताना अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं 30 ते 50 टक्के नाहीशी झालेली आढळली. वरून हिरवंगार दिसणारं झाड खालून अर्धं झालेलं होतं.

झाड मरतं कसं, याबद्दल अलीकडे एक महत्त्वाची गोष्ट उजेडात आली. फ्लोरिडा विद्यापीठातल्या नियान वांग यांच्या गटाने 2022मध्ये दाखवलं, की नुकसानीचा मोठा वाटा झाडाच्या स्वतःच्या प्रतिकाराचा असतो. रसवाहिनीत जीवाणू आला, हे ओळखताच झाड तीव्र ऑक्सिडीकारक रसायनं सोडतं. जीवाणू नळ्यांत सर्वदूर असतो, त्यामुळे हा मारा अखंड चालू राहतो आणि झाडाच्याच रसवाहिनीच्या पेशी मरतात. नळ्या बुजतात. पानातली साखर पुढे जात नाही, तिथेच स्टार्च होऊन साचते. पान जाड, कडक आणि पिवळट होतं, आणि त्याच वेळी मुळं उपाशी मरतात.

बागेत उभं राहून ही खूण ओळखायची तर पानाची मधली शीर पाहावी. जस्ताची कमतरता असेल तर शिरेच्या दोन्ही बाजूंचा पिवळेपणा सारखा असतो, एक बाजू दुसरीवर घडी घातल्यासारखी जुळते. ग्रीनिंगमध्ये ती जुळत नाही. एका बाजूला हिरवा ठिपका जिथे असतो, तिथे दुसऱ्या बाजूला पिवळा डाग असतो. फळ एका अंगाला कललेलं, कापलं तर मधला दांडा वाकडा आणि बिया काळ्या पडून सुकलेल्या. निरोगी फळ खालच्या टोकाकडून रंग धरतं. आजारी फळाचा रंग देठाकडून सुरू होतो आणि खालचं टोक हिरवंच राहतं. चवीला ते आंबट-कडवट लागतं आणि बरीचशी फळं पिकण्याआधीच झाडाखाली पडतात.

3 मिलिमीटर

जीवाणू स्वतः एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाऊ शकत नाही. त्याला नेणारा कीटक म्हणजे सिट्रस सायला. लांबी सुमारे तीन मिलिमीटर, पंख तपकिरी ठिपक्यांचे. तो पानावर डोकं खाली आणि शेपूट वर करून, जवळजवळ 45 अंशांत तिरका बसतो. ही ढब एकदा पाहिली की विसरत नाही. मादी कोवळ्या फुटीच्या घड्यांमध्ये, म्हणजे अजून पूर्ण न उलगडलेल्या नवतीत, पिवळसर अंडी घालते. पिल्लं चपटी, पिवळी-केशरी असतात. तीही तिथेच चिकटून रस पितात आणि मागून पांढऱ्या मेणाच्या वळलेल्या दोऱ्या सोडतात. नवतीवर अशा पांढऱ्या दोऱ्या दिसल्या की सायला आहे हे नक्की समजावं.

हा कीटकच रोगाचा वाहक आहे, हे भारतात सिद्ध झालं ते पुण्यात. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुणे केंद्रात काम करणाऱ्या कपूर, राव आणि विश्वनाथ या शास्त्रज्ञांनी 1967मध्ये सायला आणि ग्रीनिंग यांचा संबंध दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. जगभरचे ग्रीनिंगवरचे संशोधक आजही तो उद्धृत करतात. त्या वेळी रोगाचं कारण विषाणू आहे असाच समज होता. रसवाहिनीतले हे सूक्ष्मजीव इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली 1970मध्ये दिसले आणि त्यांचं जीवाणूंच्या कुळातलं नेमकं स्थान 1994मध्ये ठरलं. म्हणजे आरोपीचा चेहरा दिसण्याआधी तीन वर्षं पुण्यात त्याचं वाहन पकडलं गेलं होतं.

आता या वाहनाचा गुणाकार पाहू. एक मादी आयुष्यात 800पर्यंत अंडी घालू शकते. त्यातली बहुतेक मित्रकीटक, पाऊस आणि ऊन यांच्या तावडीत सापडतात. समजा शंभरातलं एकच तगलं. तरी आठ उरले, आणि निम्म्या माद्या धरल्या तर चार. पुढच्या पिढीत सोळा, मग चौसष्ट. सहाव्या पिढीला 4,096 माद्या. दहाव्या पिढीला 10 लाख 48 हजार 576. उबदार हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंत दोन-तीन आठवडेच लागतात आणि वर्षाला आठ-दहा पिढ्या होऊ शकतात. शंभरातली नव्याण्णव मेली, असं गृहीत धरूनही एका मादीपासून वर्षाअखेर दहा लाख होतात. बागेत प्रत्यक्ष इतके होत नाहीत, कारण नवती संपते आणि खाणं संपतं. पण नवती असते तेव्हा वेग हाच असतो.

जीवाणू या वाहनाला हाकतोही. आजारी झाडाच्या पानांतून मिथाइल सॅलिसिलेट हा वास जास्त सुटतो आणि सायला त्याकडे ओढला जातो. तिथे बसून रस प्यायला की त्याला कळतं की या झाडात पोषण कमी आहे. मग तो उठून निरोगी झाडाकडे जातो, जाताना जीवाणू घेऊन. आजारी झाडाने बोलवायचं आणि निरोगी झाडाकडे पाठवायचं, अशी ही व्यवस्था आहे. पिल्लू असताना एकदा लागण झाली की प्रौढ सायला मरेपर्यंत जीवाणू वाहत राहतो.

15 दिवस आणि 12,000

या सगळ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा 15 आहे. तो 2015मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका शोधनिबंधात मांडला. सायलाने नवतीवर बसून रस पिताना जीवाणू आत सोडले, तर ती नवती पंधरा दिवसांच्या आत इतरांना लागण करण्याजोगी होते. त्याच नवतीत मादीने घातलेल्या अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात, तोवर त्यांच्या तोंडापुढचं अन्न दूषित झालेलं असतं. संपूर्ण झाड आजारी पडायची वाट त्यांना पाहावी लागत नाही. दोन बोटं लांबीचा एक कोंब पुरतो.

आणि झाडावर रोगाची खूण दिसायला किती वेळ लागतो? लहान झाडात काही महिने, मोठ्या झाडात वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की या रोगाचा सगळा स्वभाव उलगडतो. पंधरा दिवसांत पसरायला तयार, आणि दिसायला दोन वर्षं. मधल्या काळात सायलाच्या कितीतरी पिढ्या उठून जातात.

त्याच संशोधकांनी संगणकावर बागेचं प्रतिरूप चालवून पाहिलं. निष्कर्ष असा निघाला, की वर्षाच्या आत अख्खी बाग संसर्गित होऊ शकते आणि झाडागणिक 12,000पर्यंत सायला असू शकतात. बहुतेक झाडांवर तेव्हा रोगाचं एकही लक्षण दिसत नसतं. शेतकरी पहिलं पिवळं झाड पाहतो आणि म्हणतो, रोग आला. खरं तर त्या दिवशी रोगाची पहिली फेरी संपलेली असते.

1,900 फूट

दिसणं आणि न दिसणं यात किती अंतर आहे, हे फ्लोरिडाने दुसऱ्या एका जीवाणूच्या निमित्ताने अनुभवलं होतं. लिंबाच्या पानांवर आणि फळांवर खपल्यांसारखे डाग पडतात, तो खैऱ्या रोग आपल्याकडे कागदी लिंबूवाल्यांना चांगला परिचयाचा आहे. तो झॅन्थोमोनास गटातल्या जीवाणूमुळे होतो आणि वारा-पावसाच्या थेंबांबरोबर पसरतो. फ्लोरिडात त्याचा नायनाट करण्यासाठी नियम केला गेला, की एक झाड आजारी आढळलं तर त्याभोवती 1,900 फुटांच्या त्रिज्येतली सगळी लिंबूवर्गीय झाडं काढायची. 1,900 फुटांचं वर्तुळ म्हणजे सुमारे 260 एकर. एका झाडापायी 260 एकर. बागांतली, रोपवाटिकांतली आणि घरांच्या परसातली मिळून दीड कोटीहून जास्त झाडं या मोहिमेत गेली. 2004 आणि 2005च्या चक्रीवादळांनी जीवाणू इतका दूर उधळला, की 2006च्या जानेवारीत मोहीम थांबवावी लागली.

खैऱ्या डोळ्यांना दिसतो, त्याच्याभोवती वर्तुळ काढता येतं. तरीही हार पत्करावी लागली. ग्रीनिंगभोवती वर्तुळ काढायचं तर केंद्र कुठलं धरायचं? आज पिवळं दिसणारं झाड हे दोन वर्षांपूर्वीच्या संसर्गाचं केंद्र असतं.

24 कोटी 20 लाख ते 1 कोटी 20 लाख

फ्लोरिडात सायला पहिल्यांदा आढळला तो जून 1998मध्ये, पाम बीच परगण्यात. बागाईतदारांना त्याची फार चिंता वाटली नाही, कारण रोग नव्हता आणि नुसता कीटक मोठं नुकसान करत नाही. पण सायला केवळ संत्र्यावर राहत नाही. आपल्या अंगणात शोभेसाठी लावतात ती पांढऱ्या सुवासिक फुलांची कुंती त्याला फार प्रिय, कढीपत्त्यावरही तो वाढतो. फ्लोरिडातही कुंतीची रोपं कुंड्यांत विकली जात. त्या रोपांबरोबर गाड्यांत बसून सायला राज्यभर फिरला आणि सप्टेंबर 2000पर्यंत 67पैकी 31 परगण्यांत पोहोचला. ऑगस्ट 2005मध्ये मायामी-डेड परगण्यात ग्रीनिंगचं निदान झालं. वाहन सात वर्षं आधीच सगळीकडे उभं होतं. त्यात प्रवासी चढण्याचा अवकाश होता.

पुढची घसरण आकड्यांत अशी. फ्लोरिडातली संत्री खोक्यांत मोजतात. एक खोकं 90 पौंडांचं, म्हणजे सुमारे 40.8 किलोचं. 2003-04च्या हंगामात 24 कोटी 20 लाख खोकी निघाली. 2014-15मध्ये 9 कोटी 70 लाख. 2022-23मध्ये 1 कोटी 58 लाख. 2024-25मध्ये सुमारे 1 कोटी 20 लाख. टनांत सांगायचं तर जवळजवळ 99 लाख टनांवरून पाच लाख टनांवर. वीस फळांतलं एक उरलं.

सगळा दोष जीवाणूच्या माथी मारणं बरोबर नाही. इर्मा, इयन, मिल्टन या चक्रीवादळांनी बागा झोडपल्या, जमिनींवर घरं उठली. पण बारीक मुळं गमावलेलं झाड वादळात तग धरत नाही, आणि उत्पन्न नसलेली बाग मालक विकून टाकतो. या दोन्ही कारणांच्या मुळाशी पुन्हा तोच जीव सापडतो. जानेवारी 2025मध्ये तिथल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक असलेल्या अलिको कंपनीने जाहीर केलं, की चालू हंगामानंतर लिंबूवर्गीय फळांचा व्यवसाय आपण गुंडाळत आहोत. दहा वर्षांत तिचं उत्पादन 73 टक्क्यांनी घटलं होतं.

9 कोटी झाडं

जगात निर्यात होणाऱ्या संत्र्याच्या रसापैकी सुमारे तीन चतुर्थांश रस ब्राझीलचा असतो. तिथल्या साओ पाउलो राज्यात ग्रीनिंग 2004मध्ये सापडला. फुंदेसित्रुस ही तिथली संस्था दरवर्षी बागांची मोजणी करते. साओ पाउलो आणि शेजारच्या मिनास जेराइसच्या पट्ट्यात 2022मध्ये 24.42 टक्के झाडं आजारी होती. 2023मध्ये 38.06 टक्के. 2024मध्ये 44.35 टक्के, म्हणजे सुमारे 9 कोटी झाडं. 2025मध्ये 47.63 टक्के.

9 कोटी झाडं सेकंदाला एक अशी, न थांबता, न झोपता मोजत गेलात तर दोन वर्षं दहा महिने लागतील. 2023 ते 2024 या एका वर्षात वाढलेली टक्केवारी झाडांत मांडली तर ढोबळमानाने सव्वा कोटी नवी आजारी झाडं. मिनिटाला तेवीस-चोवीस. तुम्ही हा परिच्छेद वाचेपर्यंत दहा-बारा झाडं झाली असती. परिणाम थेट बाजारात दिसला. 2024च्या अखेरीला अमेरिकेतल्या वायदेबाजारात गोठवलेल्या रसाचा भाव पौंडाला पाच डॉलरच्या वर गेला, पूर्वी कधीही नव्हता इतका.

लाखभर पानं

मग रोग लवकर ओळखायचा कसा? मोठ्या झाडावर पानं लाखाच्या घरात असतात आणि जीवाणू सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एकाच झाडाच्या वेगवेगळ्या भागांत त्याची संख्या हजार पटींनी वेगळी आढळली आहे. प्रयोगशाळेतली पीसीआर चाचणी अत्यंत काटेकोर असते, पण ती आपण दिलेल्या चार-सहा पानांचीच. लाख पानांतून नेमकी ती पानं हाती लागली नाहीत तर अहवालात झाड निरोगी ठरतं. यात चाचणीचा दोष नाही. नमुनाच कोरा गेलेला असतो.

इथे मदतीला आली कुत्री. अमेरिकेच्या कृषी विभागातले टिम गॉटवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासावरून हा जीवाणू ओळखायला कुत्र्यांना शिकवलं आणि निकाल 2020मध्ये प्रसिद्ध केले. सरासरी अचूकता 99 टक्क्यांहून जास्त. लागण झाल्यावर दोन आठवड्यांतच कुत्रं त्या झाडापाशी बसतं. पीसीआरला त्याच झाडासाठी कित्येक महिने लागू शकतात. कुत्रं चार पानं निवडत नाही, अख्ख्या झाडाचा वास एका दमात घेतं, हेच त्याचं बळ. पंधरा दिवसांच्या शर्यतीत माणसाच्या बाजूने धावणारं हे आजवरचं सर्वांत वेगवान साधन आहे.

औषधाचं काय? 1970च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत खोडात टेट्रासायक्लिनची इंजेक्शनं देऊन पाहिली गेली. आपल्याकडे कपूर आणि तिरुमलाचार यांनी ग्रीनिंगची झाडं औषधांनी बरी करण्यावरचं काम 1973मध्ये प्रसिद्ध केलं होतं. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, ऑक्टोबर 2022मध्ये, फ्लोरिडात खोडातून ऑक्सिटेट्रासायक्लिन द्यायला परवानगी मिळाली. त्याने झाड काही काळ सावरतं, फळगळ कमी होते, पण जीवाणू पूर्ण जात नाही. शिवाय हे काम एकेका खोडाला भोक पाडून करायचं असतं. एका झाडाला एक मिनिट धरलं तरी एक कोटी झाडांना एका माणसाची अखंड एकोणीस वर्षं लागतील. प्रतिजैविकांच्या अशा वापराने जंतू निर्ढावण्याचा धोका वेगळाच.

3,100 एकर

हे सगळं आपल्यापासून दूर नाही. ज्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात त्या वरूड-मोर्शी पट्ट्यातला नागपुरी संत्रा असो की जालन्याची मोसंबी, सायला दोन्हीकडे दर नवतीला हजर असतो. विदर्भातल्या बागांत हा जीवाणूही संशोधकांना सापडलेला आहे. झाड वाळू लागलं की आपण डिंक्या, निचरा, मुळकूज, अन्नद्रव्यांची कमतरता ही कारणं आधी तपासतो. ती अनेकदा खरीही असतात. पण त्या यादीत ग्रीनिंग आलंच पाहिजे, नाहीतर सल काढत आणि खतं टाकत आपण दोन वर्षं घालवतो, आणि सायला मात्र आपलं काम उरकून घेतो.

रोगाचा फैलाव करणारं दुसरं वाहन आपण स्वतः आहोत. संत्र्याची कलमं डोळे भरून होतात आणि जीवाणू डोळ्याबरोबर जातो. समजा एका मातृवृक्षावरून पाचशे डोळे काढले आणि तो वरून छान दिसत असूनही आजारी होता. 6 बाय 6 मीटरवर एकरी 112 झाडं बसतात, म्हणजे त्या एका झाडाने साडेचार एकर बाग लावण्याआधीच आजारी केली. सायला बारा दिवसांत दोन किलोमीटर जातो, असं फ्लोरिडात मोजलं गेलं आहे. वरूड पट्ट्यातल्या शेंदुरजनाघाटच्या पन्हेऱ्यांतून, म्हणजे रोपवाटिकांतून, निघालेली कलमांची गाडी एका रात्रीत चारशे किलोमीटर जाते. म्हणून नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था रोगमुक्त रोपांवर इतका भर देते. जाळीच्या घरात वाढवलेलं, तपासलेल्या मातृवृक्षाचं कलम काही रुपयांनी महाग पडतं. वीस वर्षांच्या बागेच्या हिशेबात ती रक्कम नगण्य आहे.

शेवटचा आकडा मला पंधराइतकाच महत्त्वाचा वाटतो. सायलाचा दोन किलोमीटरचा पल्ला धरून कुठल्याही बागेभोवती वर्तुळ काढा. त्याचं क्षेत्रफळ होतं साडेबारा चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे 3,100 एकर. आपल्या शेतकऱ्याची बाग दोन एकरांची, पाच एकरांची. त्याने आंबिया आणि मृग बहाराच्या नवतीला डोळ्यांत तेल घालून पाहणी केली, वेळेवर फवारलं, आजारी झाड काळजावर दगड ठेवून उपटलं, तरी उरलेल्या 3,095 एकरांवरून सायला येतच राहणार. शेजारची सोडून दिलेली बाग, बांधावरचं लिंबू, परसातली कुंती, कुणीच त्यातून सुटत नाही. फ्लोरिडा आणि ब्राझील दोघांनाही हे उमगलं, आणि एका टापूतल्या बागाईतदारांनी एकाच वेळी फवारणी करण्याच्या योजना तिथे आखल्या गेल्या.

बाग शेतकऱ्याच्या नावावर असते. हा रोग मात्र गावाच्या मापाचा आहे. एकाच आठवड्यात सगळ्या गावाने नवती तपासायची, एकाच आठवड्यात सायलाचा बंदोबस्त करायचा, आजारी झाड काढणाऱ्याला एकट्याला भुर्दंड पडू द्यायचा नाही आणि तपासणीशिवाय आलेली कलमं शिवारात लावू द्यायची नाहीत. फ्लोरिडाकडे पैसा, प्रयोगशाळा आणि यंत्रं आपल्याहून कितीतरी जास्त होती. कमी पडली ती सुरुवातीची सात वर्षं, सायला दिसत असताना आणि रोग दिसत नसताना वाया गेलेली. आपल्या बहुतेक बागा अजून उभ्या आहेत आणि सायला कसा बसतो, नवतीवर काय सोडतो, हे आपल्याला माहीत आहे. जीवाणूला दर वेळी पंधरा दिवसांची आघाडी मिळते. ती मोडायची असेल तर झाड पिवळं होण्याची वाट न पाहता, येत्या बहाराच्या नवतीपासूनच कामाला लागलं पाहिजे, आणि तेही सगळ्या शिवाराने मिळून.